आजचे इंडी बँड उद्या कोण ऐकणार?

विशेष प्रतिनिधी

वेल्समधील कार्डिफ शहरात ४ जुलै २०२५ रोजी 'ओएसिस' हा ब्रिटिश बँड सुमारे सोळा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. नोएल आणि लियम गॅलाघर या दोन भावांमधील भांडणामुळे २००९ मध्ये फुटलेल्या या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९९४ ची. ती निघाली तेव्हा ज्यांचा जन्मही झालेला नव्हता असे तरुण श्रोते या दौऱ्यातील मैदानांवर मोठ्या संख्येने दिसले आणि त्यांना गाण्यांचे शब्द पाठ होते. मँचेस्टरच्या कामगार वस्तीतून आलेल्या या मुलांना प्रथम संधी दिली होती ती 'क्रिएशन' या लहानशा स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीने.

या दृश्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे. आज लहान सभागृहांतून वाजवणारे, मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर वाढणारे जे 'इंडी रॉक' बँड आहेत, त्यांची गाणी पंचवीस-तीस वर्षांनी अशीच गायिली जातील काय? की मोबाइलवरील यादीत चार आठवडे झळकून ती विस्मृतीत जातील? हा प्रश्न चाहत्यांच्या हौसेपुरता मर्यादित नाही. संगीतावर जगू पाहणाऱ्या तरुणांची उमेद, त्यांना उभे करणारी सभागृहे आणि त्यांच्यावर पैसा लावणाऱ्या छोट्या कंपन्या यांचे भवितव्य त्याच्या उत्तराशी निगडित आहे.

गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोणता बँड टिकेल हे त्याच्या पहिल्या यशावरून क्वचितच कळते. गाणे निर्मात्याच्या हातून सुटून दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे दुसऱ्या वादकाने, एखाद्या जमावाने किंवा पुढच्या पिढीने, आपलेसे केले की ते टिकते. आजच्या बँडबाबतचा खरा प्रश्न म्हणूनच असा आहे, की हे हस्तांतर घडण्याच्या जागा शिल्लक राहिल्या आहेत काय.

'इंडी' म्हणजे काय?

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप. १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रिका काढायची तर मोठ्या कंपनीची मर्जी सांभाळावी लागे. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेच्या हजार प्रती हातोहात गेल्या. कंपनीशिवायही तबकडी निघू शकते, हे सिद्ध झाले आणि ब्रिटनभर असे प्रयोग सुरू झाले. लंडनमधील 'रफ ट्रेड' हे १९७६ मध्ये उघडलेले दुकान या तबकड्यांच्या वितरणाचे केंद्र बनले. मँचेस्टरमध्ये 'फॅक्टरी', लंडनमध्ये 'फोर एडी' आणि 'क्रिएशन' अशा कंपन्या उभ्या राहिल्या. १९८० च्या जानेवारीपासून स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी क्रमवारीही प्रसिद्ध होऊ लागली.

अमेरिकेत हेच काम महाविद्यालयांच्या आकाशवाणी केंद्रांनी आणि वॉशिंग्टनमधील 'डिस्कॉर्ड', सिएटलमधील 'सब पॉप' यांसारख्या कंपन्यांनी केले. 'निर्वाणा' या बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ मध्ये 'सब पॉप'ने काढला, तेव्हा त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च होता अवघा ६०६ डॉलर. दोन वर्षांनी याच बँडचा 'नेव्हरमाइंड' मोठ्या कंपनीकडून आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेतील पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले.

तेव्हापासून 'इंडी' या शब्दाचा अर्थ सैल होत गेला. आरंभी तो व्यवसायाच्या पद्धतीचा निदर्शक होता. पुढे तो एका शैलीचे नाव झाला. गिटारवर आधारलेले, थोडे ओबडधोबड, गायकाचा साधा बोलका आवाज राखणारे संगीत म्हणजे इंडी, मग ते कोणत्याही कंपनीने काढलेले असो. मुंबईकरांच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस गर्दी खेचणाऱ्या 'कोल्डप्ले'चे देता येईल. या बँडने १९९८ मध्ये आपली पहिली तबकडी स्वतःच्या खर्चाने काढली होती आणि तिच्या प्रती होत्या केवळ ५००.

विक्रीचा आकडा आणि आयुष्य

दीर्घायुष्याचा विक्रीशी फारसा संबंध नसतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडचे. १९६७ मधील त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेच्या क्रमवारीत पहिल्या शंभरातही आला नाही. तथापि ज्या थोड्यांनी तो विकत घेतला त्यांतील प्रत्येकाने पुढे स्वतःचा बँड काढला, अशा आशयाचे संगीतकार ब्रायन इनो यांचे उद्गार आजही सांगितले जातात. त्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्य आहे. या बँडचे संगीत लोहपडद्यापलीकडेही पोहोचले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या भेटीवरून परतताना नाटककार व्हाक्लाव्ह हावेल यांनी त्यांची तबकडी प्रागला नेली. तेथील 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा बँड याच संगीताने भारावलेला होता. १९७६ मध्ये त्यांच्यावर भरलेला खटला 'चार्टर ७७' या मानवी हक्कांच्या सनदेचे एक निमित्त ठरला. हावेल पुढे देशाचे अध्यक्ष झाले.

मेम्फिस शहरातील 'बिग स्टार'ची कथा अधिक करुण आहे. १९७२ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे समीक्षकांनी कौतुक केले. परंतु वितरणाच्या गोंधळामुळे तो दुकानांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. बँड काही वर्षांत विस्कटला. मात्र १९८० च्या दशकात 'आर.ई.एम.' आणि 'द रिप्लेसमेंट्स' या अमेरिकी बँडनी या संगीताचे ऋण उघडपणे मान्य केले. 'रिप्लेसमेंट्स'ने तर १९८७ मध्ये 'बिग स्टार'चे गायक अॅलेक्स चिल्टन यांच्या नावाचे गाणेच रचले. १९९८ मध्ये 'दॅट सेव्हंटीज शो' या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत म्हणून 'बिग स्टार'चे एक गाणे, दुसऱ्या गायकाच्या आवाजात, घराघरांत गेले. ते कोणाचे आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

बोस्टनच्या 'पिक्सीज'चेही असेच झाले. १९८८ आणि १९८९ मध्ये त्यांचे दोन महत्त्वाचे अल्बम निघाले. हळू आवाजातील कडवे आणि अचानक फुटणारे ध्रुपद ही त्यांची रचनापद्धती 'निर्वाणा'ने उचलली. कर्ट कोबेन याने १९९४ मधील एका मुलाखतीत तशी कबुलीही दिली. 'पिक्सीज' १९९३ मध्ये विसर्जित झाला. १९९९ च्या 'फाइट क्लब' या चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात त्यांचे 'व्हेअर इज माय माइंड' वाजले आणि नव्या पिढीला हा बँड सापडला. २००४ मध्ये तो पुन्हा एकत्र आला, तेव्हा समोरच्या गर्दीत पहिल्या खेपेचे श्रोते थोडे आणि नंतरचेच अधिक होते.

या तिन्ही उदाहरणांत गाणे पुढे नेणारा वाहक वेगळा आहे. एका ठिकाणी बंडखोर कलावंत, दुसऱ्या ठिकाणी धाकटे वादक, तिसऱ्या ठिकाणी चित्रपट. मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. संगीत नाटकांच्या मंडळ्या बंद पडल्या, तरी त्यांतील पदे शास्त्रीय गायकांनी मैफलीत नेली आणि म्हणून ती आजही ऐकली जातात.

गाणे जमावाचे होते तेव्हा

हस्तांतराचा दुसरा मार्ग सामूहिक गायनाचा. डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या दोघांच्या बँडचे 'सेव्हन नेशन आर्मी' हे गाणे २००३ मध्ये आले. त्याची सुरुवातीची सात स्वरांची गत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगा या संघाचे पाठीराखे सामन्यासाठी इटलीतील मिलान येथे गेले होते. तेथील एका बारमध्ये त्यांनी हे गाणे ऐकले आणि त्याची गत ते गुणगुणत मैदानात गेले. ब्रुगाने एसी मिलानला १-० असे हरवले आणि ती गत संघाची झाली. पुढे रोमच्या पाठीराख्यांनी ती उचलली आणि २००६ च्या विश्वचषकात इटलीच्या विजयाबरोबर ती जगभर पोहोचली. 'व्हाइट स्ट्राइप्स' २०११ मध्ये संपुष्टात आला. त्याची गत मात्र शब्दांवाचून, रचनाकाराच्या नावावाचून, फुटबॉलच्या मैदानांवर गायिली जाते. लोकगीत बनते ते याच मार्गाने.

लास व्हेगासच्या 'द किलर्स'चे 'मिस्टर ब्राइटसाइड' हे याचे आणखी एक उदाहरण. २००३ मध्ये लंडनच्या एका लहान कंपनीने ते प्रथम काढले. २००४ मध्ये ते पुन्हा प्रकाशित झाले, तेव्हा ब्रिटनच्या क्रमवारीत ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि उतरले. परंतु लग्नाच्या मेजवान्या, महाविद्यालयीन संमेलने आणि मद्यगृहे यांनी ते सोडले नाही. ब्रिटनच्या पहिल्या शंभर गाण्यांत या गाण्याने आजवर चारशेहून अधिक आठवडे काढले आहेत. कधीही पहिला क्रमांक न मिळवलेले ब्रिटनमधील सर्वाधिक खपाचे गाणे म्हणून २०२४ मध्ये त्याची नोंद झाली. हा मान त्याने घेतला तो 'ओएसिस'च्याच १९९५ मधील 'वंडरवॉल'कडून.

या गाण्यांची रचना पाहिली तर काही समान गुण आढळतात. सूर फार उंच जात नाहीत, शब्द स्पष्ट उच्चारले जातात, चाल दोन-तीन वेळा ऐकताच लक्षात राहते आणि गाण्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ते घोळक्यात म्हणता येते. अर्थात हे गुण असूनही हजारो गाणी विस्मरणात गेली आहेत. त्यामुळे त्यांना दीर्घायुष्याची पूर्वअट म्हणता येईल. हमी म्हणता येणार नाही.

नाव टिकणे आणि गाणे टिकणे या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवाव्या लागतात. मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन'चा 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम १९७९ चा. गायक इयन कर्टिस याच्या १९८० मधील मृत्यूने बँड थांबला. अल्बमच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या लहरींची एक आकृती आहे. केंब्रिजमध्ये १९६७ साली सापडलेल्या पहिल्या स्पंदक ताऱ्याच्या रेडिओ संकेतांचा तो आलेख. हे चित्र असलेले टी-शर्ट आज जगभर विकले जातात आणि ते घालणाऱ्या अनेकांनी बँडचे एकही गाणे ऐकलेले नसते. चिन्ह म्हणून उरणे हेही एक प्रकारचे आयुष्य आहे. संगीताचे आयुष्य मात्र ते नव्हे.

यंत्राने केलेली निवड

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या वाहकांमध्ये एका नव्या घटकाची भर पडली आहे. ती म्हणजे स्ट्रीमिंग सेवांची शिफारस प्रणाली. कॅलिफोर्नियाच्या 'पेव्हमेंट' या बँडने १९९० च्या दशकाच्या मध्यावर ध्वनिमुद्रित केलेले 'हार्नेस युअर होप्स' हे गाणे मूळ अल्बममधून वगळले गेले होते. १९९९ मध्ये एका छोट्या तबकडीच्या कोपऱ्यात ते कसेबसे प्रसिद्ध झाले. पुढे स्पॉटिफायवर तेच या बँडचे सर्वाधिक ऐकले जाणारे गाणे बनले. बँडने ते पुढे आणण्याचा कोणताही प्रयत्न केलेला नव्हता.

असाच अनुभव 'गॅलक्सी ५००' या बँडला आला. त्यांचे 'स्ट्रेंज' हे गाणे एकाएकी इतर गाण्यांच्या पुढे गेले. बँडचे वादक डेमन क्रुकोवस्की यांनी त्याचा माग काढला. श्रोत्याने निवडलेला अल्बम संपला की त्याच्याशी मिळतेजुळते गाणे आपोआप सुरू करण्याची व्यवस्था २०१७ च्या आरंभी लागू झाली, तेव्हापासून ही वाढ झाल्याचे त्यांना दिसले. 'स्ट्रेंज' हे त्यांच्या अन्य गाण्यांपेक्षा इतरांच्या गाण्यांसारखे अधिक होते, म्हणून यंत्राला ते सोयीचे वाटले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यातून दोन परस्परविरोधी अर्थ निघतात. एकेकाळी दुकानात मिळत नाही म्हणून 'बिग स्टार' मागे पडला. आज कोणतेही गाणे तसे अप्राप्य राहत नाही. परंतु यंत्र जे निवडते ते साम्य पाहून निवडते आणि टिकलेले बँड बहुधा आपल्या काळात इतरांसारखे नव्हते म्हणूनच लक्षात राहिले. माणूस जेव्हा मित्राला तबकडी देतो, तेव्हा 'हे काही वेगळेच आहे' हे सांगण्यासाठी देतो. यंत्राचा तर्क याच्या नेमका उलट आहे.

कचराडेपोची आठवण

आजच्या बँडना कमी लेखणारे बहुधा जुन्या काळातील निवडक नावे पुढे करतात. ती तुलना न्याय्य नाही. कारण त्या काळातील सामान्य बँड काळानेच गाळून टाकलेले आहेत. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द स्ट्रोक्स'चा 'इज धिस इट' आला आणि गिटारवाद्यांचे संगीत पुन्हा जोरात आले. जानेवारी २००६ मध्ये शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज'चा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर खपला. त्या लाटेत कंपन्यांनी दिसेल त्या गिटारवादक मुलांशी करार केले. एकसारखे कपडे, एकसारखी गाणी यांचा सुकाळ झाला आणि २००८ च्या सुमारास ब्रिटिश संगीत पत्रकारितेत त्यांना 'लँडफिल इंडी', म्हणजे कचराडेपोत जमा होणारे इंडी, असे बोचरे नाव मिळाले.

त्या ढिगातून 'आर्क्टिक मंकीज' वर आला आणि तोही अनपेक्षित वळणाने. त्यांच्या २०१३ च्या 'एएम' या अल्बममधील अखेरचे गाणे 'आय वॉना बी युअर्स' हे जॉन कूपर क्लार्क या सॅलफर्डच्या कवीच्या जुन्या कवितेवर आधारलेले आहे. मूळ अल्बम आला तेव्हा ते स्वतंत्रपणे काढण्यासारखे कोणाला वाटले नाही. सुमारे दशकभराने किशोरवयीन श्रोत्यांनी ते उचलले आणि स्पॉटिफायवर ते शंभर कोटींहून अधिक वेळा ऐकले गेले. 'द स्ट्रोक्स'च्या दीर्घायुष्याची साक्ष मुंबईनेच दिली. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेल्या पहिल्या 'लोलापलूझा इंडिया'त प्रमुख बँड म्हणून तो वाजला, तेव्हा त्याच्या पहिल्या अल्बमला बावीस वर्षे होत आली होती.

तात्पर्य, प्रत्येक पिढीतील बहुसंख्य बँड विसरले जातात आणि यात अस्वाभाविक काही नाही. आजच्यांपैकीही बहुतेक विसरले जातील. पाहायचे ते इतकेच की जे थोडे उरायचे ते उरण्याइतकी परिस्थिती अनुकूल आहे काय.

जुन्यांचीच स्पर्धा

येथे आजच्या बँडपुढील एक अडचण पूर्वीपेक्षा वेगळी आहे. १९७७ मधील नव्या बँडची स्पर्धा प्रामुख्याने त्या वर्षीच्या इतर बँडशी होती. दुकानात जुन्या तबकड्यांना जागा कमी असे, आकाशवाणीवर नव्यांना प्राधान्य मिळे. आज श्रोत्याच्या हाती गेल्या साठ वर्षांतील सर्व संगीत एकाच दराने उपलब्ध आहे. 'मिस्टर ब्राइटसाइड' वर्षानुवर्षे यादीत राहते, याचा अर्थ एका नव्या गाण्याची जागा वर्षानुवर्षे अडलेली राहते. ब्रिटनच्या क्रमवारी संस्थेला २०१७ मध्ये नियम बदलून उतरणीला लागलेल्या जुन्या गाण्यांच्या श्रवणसंख्येचे वजन निम्मे करावे लागले, यावरून या कोंडीची कल्पना येते. जुन्या इंडी गाण्यांचे टिकणे हाच नव्या इंडी बँडच्या वाटेतील मोठा अडसर ठरला आहे.

त्यात पैशाचे गणितही बदलले. तबकडी किंवा सीडी विकत घेणारा श्रोता एकदाच पूर्ण किंमत मोजत असे. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक श्रवणामागे अत्यल्प रक्कम मिळते आणि २०२४ पासून तर बारा महिन्यांत हजार वेळाही ऐकले न गेलेल्या गाण्यांना स्पॉटिफायवर मानधनच मिळत नाही. चार-पाच जणांच्या बँडला प्रवास, वाद्ये आणि सरावाची जागा यांचा खर्च असतो. घरी संगणकावर एकट्याने गाणी रचणाऱ्या कलाकाराला तो नसतो. म्हणूनच इंडी संगीतात आज एकल गायक-गायिकांची संख्या वाढताना दिसते. गाणी संपतील अशी भीती नाही. भीती आहे ती चार माणसांनी एकत्र राहून, भांडून, वाजवून काही घडवण्याची पद्धत महाग होत जाण्याची.

बँड घडतो ती खोली

बँड घडतो तो दोनशे-तीनशे श्रोत्यांच्या सभागृहात. गाणे कुठे लांबते, कुठे समोरचे लोक साथ धरतात, हे तेथेच कळते. ही सभागृहे वेगाने बंद पडत आहेत. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये १२५ लहान ठिकाणी संगीताचे कार्यक्रम थांबले. बाथ शहरातील 'मोल्स' हे चार दशकांहून अधिक जुने ठिकाण त्या डिसेंबरमध्ये बंद झाले. 'ओएसिस' आणि 'रेडिओहेड' आपल्या सुरुवातीच्या दिवसांत तेथे वाजवून गेलेले होते.

ज्या मैदानांवर एका तिकिटाला हजारो रुपये मोजले जातात, तेथील वादक घडले ते या लहान खोल्यांत. म्हणून मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांतून थोडा वाटा लहान सभागृहांना द्यावा, अशी शिफारस ब्रिटिश संसदेच्या संस्कृतिविषयक समितीने मे २०२४ मध्ये केली. 'कोल्डप्ले'ने आपल्या २०२५ मधील ब्रिटनच्या कार्यक्रमांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट'ला देण्याचे जाहीर केले. हा प्रश्न दानधर्माचा नसून बियाण्याचा आहे, अशीच या मागणीमागची भूमिका आहे.

आजच्यांपैकी कोण?

भाकीत करणे धोक्याचे असले तरी काही बँडकडे लक्ष वेधता येते. डब्लिनच्या 'फाँटेन्स डी.सी.'ने २०१९ च्या 'डोग्रल' या पहिल्या अल्बमपासून आपला आयरिश उच्चार आणि आपल्या शहराचे रस्ते गाण्यात जपले. २०२२ च्या 'स्किन्टी फिया' या अल्बमचे शीर्षकच आयरिश भाषेतील आहे. त्यातील पहिल्या गाण्यामागे एक खरी घटना आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर मातृभाषेत ओळ कोरायची होती. सोबत इंग्रजी भाषांतर नसेल तर ती राजकीय घोषणा वाटेल, अशा कारणाने चर्चच्या न्यायासनाने २०२० मध्ये नकार दिला. पुढच्या वर्षी अपिलात तो निर्णय फिरला. या विषयावरचे गाणे ज्या अल्बमच्या आरंभी आहे, तो ब्रिटनमध्येच पहिल्या क्रमांकावर पोहोचला. भाषा आणि अस्मिता यांचा असा आधार असलेल्या गाण्याला पुढची पिढी पुन्हा पुन्हा हात घालते.

लीड्सच्या 'इंग्लिश टीचर'ला २०२४ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. आइल ऑफ वाइट या बेटावरील 'वेट लेग'ने २०२३ मध्ये दोन ग्रॅमी मिळवली. तीन गायिका-गीतकारांच्या 'बॉयजीनियस'ला २०२४ मध्ये तीन ग्रॅमी मिळाली. पुरस्कार म्हणजे दीर्घायुष्य नव्हे. परंतु या सर्वांचे वेगळेपण असे की त्यांची गाणी दुसऱ्या कोणाची म्हणून खपणार नाहीत. शिफारस यंत्राच्या काळात हाच गुण बहुधा निर्णायक ठरेल.

भारतातील अनुभव

भारतीय बँडना या साऱ्याबरोबर भाषेचाही प्रश्न होता. मुंबईच्या धोबी तलाव भागातील रंगभवन हे खुले नाट्यगृह इंग्रजी रॉक वाजवणाऱ्यांचे माहेरघर होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाने तेथेच बाळसे धरले. 'रॉक मशीन', जो पुढे 'इंडस क्रीड' या नावाने ओळखला गेला, त्याच्यासारख्या बँडनी एक पिढी घडवली. शेजारच्या रुग्णालयांमुळे लागू झालेल्या शांतता क्षेत्राच्या नियमांनी २००० नंतरच्या वर्षांत रंगभवनातील मैफली थांबल्या. २०१० पासून पुण्यात 'एनएच७ वीकेंडर' सुरू झाला आणि स्वतंत्र बँडना नवे व्यासपीठ मिळाले. परंतु वर्षातून एकदा भरणारी जत्रा आणि दर आठवड्याला उघडणारी खोली यांत फरक आहे.

भारतात टिकाऊपणाची कसोटी सर्वांत स्पष्टपणे उतरली ती दिल्लीच्या 'इंडियन ओशन'च्या बाबतीत. २००० मधील त्यांच्या 'कंदिसा' या अल्बमचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थनेवर आधारलेले आहे, तर 'माँ रेवा' हे नर्मदाकाठच्या लोकगीतावर. गायक-वादक राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. ते गाणे खोऱ्यातूनच त्यांच्याबरोबर आले. तालवादक व गायक असीम चक्रवर्ती यांचे २००९ मध्ये निधन झाले, २०१३ मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले, तरी ही गाणी नव्या वादकांसह वाजत राहिली. जे गाणे आधीच लोकांचे होते ते लोकांकडे परत जाणे सोपे असते, हे त्यामागचे कारण आहे.

निर्णय श्रोत्यांच्या हाती

आजच्या इंडी बँडची गाणी टिकतील काय, याचे उत्तर म्हणूनच दोन भागांत द्यावे लागते. काही गाणी निश्चित टिकतील. कारण आज कोणतेही ध्वनिमुद्रण सहसा हरवत नाही आणि गाणे उचलणारा तरुण श्रोता प्रत्येक पिढीत असतो. ती कोणती हे आजची क्रमवारी सांगू शकणार नाही, जशी १९७२ ची क्रमवारी 'बिग स्टार'बद्दल काही सांगू शकली नाही. बँड म्हणून एकत्र राहून दहा-वीस वर्षे काम करणे मात्र कठीण होत चालले आहे. वादकांना दर आठवड्याला वाजवायला जागा नसेल आणि मिळकतीत प्रवासखर्चही निघत नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या अल्बमपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बँड फुटतील. 'आर्क्टिक मंकीज'चे सर्वाधिक ऐकले जाणारे गाणे त्यांच्या पाचव्या अल्बममधील आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

मैदानावरील महागडे तिकीट काढणारा श्रोता जुन्या गाण्यांचे आयुष्य वाढवतो. त्याच शहरातील दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात अनोळखी बँड ऐकायला जाणारा श्रोता पुढच्या पंचवीस वर्षांची सोय करत असतो. दुसऱ्या प्रकारचे श्रोते किती उरतात, यावर आजच्या बँडचा उद्या अवलंबून राहील.